बाळाचे कान, बाळाचे डोळे आणि घरातल्या दोन भाषा

घरात बाळ आले आणि खुळखुळा आला नाही, असे सहसा होत नाही. आजी तो बाळाच्या डोळ्यांपुढे धरते आणि नेमका हलवतानाच म्हणते, ‘हा बघ खुळखुळा!’ घरातली अज्जी कन्नड बोलणारी असेल, तर ‘इल्लि नोडु, गिलकी!’ म्हणते, हात मात्र तसाच हलतो. त्या वेळी बाळापुढे केवढे काम असते! लाल रंग डोळ्यांतून येतो, खुळखुळ कानांतून, लाकडाचा गुळगुळीतपणा तळहातातून. हे तिन्ही एकाच वस्तूचे आहेत, हे त्याला कोण सांगणार?

थोडी शिदोरी बाळ पोटातूनच घेऊन येते. आईचा आवाज त्याने तिथे ऐकलेला असतो. चेहरा मात्र नवा असतो, आणि तो ओळखायला आवाजच मदत करतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जन्मल्यापासून ज्या बाळांशी आई बोलत होती, ती काही तासांतच आईच्या चेहऱ्याकडे अधिक पाहू लागली. ज्यांच्या कानावर जन्मानंतर आईचा आवाज पडलाच नव्हता, त्यांना तो चेहरा परक्या चेहऱ्याहून वेगळा काढता आला नाही. ‘एवढ्याशा जिवाला काय कळतंय’ म्हणून गप्प बसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पुढची जोडणी होते ती वेळेच्या धाग्याने. जे एकाच क्षणी हलते आणि वाजते, ते एकच, असा बाळाचा साधा हिशेब असतो. लक्ष्मी गोगटे आणि लॉरेन बाहरिक या संशोधकांनी १९९८ मध्ये सात महिन्यांच्या बाळांवर हे तपासले. वस्तू हलवतानाच तिच्यासाठीचा आवाज काढला, तर बाळे आवाज आणि वस्तू यांची जोडी लक्षात ठेवत; वस्तू स्थिर असली किंवा हलणे आणि बोलणे यांचा मेळ नसला, तर नाही. पुढे २०१५ मध्ये गोगटे आणि सहकाऱ्यांनी २४ भारतीय आयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवे नाव शिकवताना याही आया अमेरिकन आयांसारखीच वस्तू हलवत नाव घेत होत्या. मूल जितके लहान, तितके हे जास्त. कोणी शिकवलेले नसताना!

ओठांचेही तसेच. १९८२ मध्ये पॅट्रिशिया कूल आणि अँड्र्यू मेल्टझॉफ यांनी साडेचार महिन्यांच्या आसपासच्या बाळांपुढे शेजारी शेजारी दोन चेहरे दाखवले. एकाचे ओठ ‘आ’ म्हणत होते, दुसऱ्याचे ‘ई’, आणि आवाज एकच येत होता. बाळे त्या आवाजाशी जुळणाऱ्या चेहऱ्याकडे जास्त वेळ पाहत राहिली.

आता आपल्याकडचा प्रश्न. निंबर्ग्यापासून बीदरपर्यंतच्या पट्ट्यात चुलीपाशी मराठी आणि अंगणात कन्नड, किंवा नेमके उलटे, अशी घरे पुष्कळ. मूल बोलायला जरा रेंगाळले की सल्ला ठरलेला: ‘दोन भाषांत गोंधळतंय, एक सोडून द्या.’ आता ‘पाणी’ म्हणताना ओठ मिटून उघडतात. ‘नीरु’ म्हणताना ते मिटतच नाहीत. ‘दूध’ म्हणताना ओठांचा चंबू होतो, ‘हालु’ला तोंड आधी उघडते. मोठ्यांना हे जाणवतही नाही. बाळ ते टिपते. कॅनडातल्या संशोधकांनी २००७ मध्ये बाळांना आवाज बंद केलेली चित्रफीत दाखवली. बोलणारी व्यक्ती इंग्रजीवरून फ्रेंचवर गेली, तर चार आणि सहा महिन्यांच्या बाळांना नुसत्या चेहऱ्यावरून तो बदल कळला. आठव्या महिन्यापर्यंत एकभाषी घरातल्या बाळांची ही जाण मावळली. दोन्ही भाषा ऐकणाऱ्या बाळांनी ती टिकवली. तेव्हा आजीची कन्नड किंवा आईची मराठी बंद करण्याचे काही कारण नाही. बोलणे उशिरा येत असेल, तर भाषेवर खापर फोडण्याआधी कान तपासावेत.

कारण ही जोडणी आपोआप होत नाही. दोन्ही वाटा उघड्या असाव्या लागतात. पवन सिन्हा आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. ही मुले जन्मापासून जवळजवळ अंध होती, बहुतेक मोतीबिंदूमुळे. शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांच्या आत त्यांच्या हातात एक ठोकळा दिला आणि मग तोच डोळ्यांनी ओळखायला सांगितला. उत्तरे जवळजवळ अंदाजपंचेच होती. दिसत होते, हाताला कळत होते, पण दोहोंची गाठ पडत नव्हती. काही दिवसांनी पुन्हा पाहिले, तेव्हा ती पडू लागली होती. यात मोठा दिलासा आहे. तरी म्हणून थांबू नये. बाळाच्या बुबुळात पांढरी झाक दिसली तर लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जावे. जन्मजात मोतीबिंदूवर पहिल्या दोन-अडीच महिन्यांत उपचार झाले, तर नजर चांगली घडण्याची शक्यता जास्त असते.

कानांचा दोष त्याहून लपून राहतो. ऐकू न येणारे बाळही सुरुवातीला ‘अऽ उऽ’ करते, आणि घरचे निर्धास्त होतात. ताट वाजवून पाहण्याची आपली परीक्षा तर फसवीच. बाळाला हात हलताना दिसतो, पाळण्याला हादरा बसतो, आणि ते दचकते. इथे डोळे आणि त्वचा कानांची उणीव झाकतात! आपल्या भागात मामा-भाचीची, आते-मामे भावंडांची लग्ने आजही होतात. अशा घरांत जन्मजात बहिरेपणाचा धोका वाढतो. यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही, पण तिथे तपासणी टाळू नये. तज्ज्ञांचे गणित सोपे आहे: पहिल्या महिन्यात कानांची चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार किंवा श्रवणयंत्र. कॉक्लियर इम्प्लांट बसवलेल्या मुलांवरचा २००५ चा एक अभ्यास सांगतो की, ज्यांना ते अडीच वर्षांच्या आत बसले, त्यांच्यातच ओठ आणि आवाज एकत्र जुळवण्याची सवय नीट दिसली. उशिरा बसलेली मुले बहुतांशी ओठांवरच विसंबून होती.

जन्मजात मोतीबिंदू आणि बहिरेपणा, दोन्हींची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात येते, आणि ती मोफत असते. लसीच्या दिवशी आशाताईला विचारले, तर कुठे जायचे ते ती सांगेल.