दोन खांबांमधले अंतर

पुलाविषयी वाचताना मी आधी त्याचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधले अंतर, शोधतो. पूल कुणाला विचारात घेऊन बांधला, ते त्यावरून कळते.

वांद्रे-वरळी सागरी सेतूला बोलण्यात सर्रास झुलता पूल म्हणतात. तो झुलता नाही. झुलत्या पुलाचे तत्त्व साखरखेर्ड्यासारख्या समुद्रापासून दूरच्या गावातही मांडवात दिसते. दोन खांबांवरून दोर न्यायचा आणि टोके जमिनीतल्या खुंट्यांना बांधायची. दोराला टांगलेला भार खांबांवर उतरतो, ओढ खुंट्या सोसतात. जपानमधल्या होन्शू आणि आवाजी या बेटांना जोडणारा आकाशी काइक्यो पूल याच तत्त्वावर उभा आहे. तिथली सामुद्रधुनी खोल आणि जहाजांची वर्दळ मोठी. म्हणून १९९८ साली खुल्या झालेल्या या पुलाचा मधला गाळा १९९१ मीटरचा आहे. आराखड्यात तो १९९० मीटर होता. बांधकाम चालू असताना १९९५च्या भूकंपाने मनोऱ्यांमधले अंतर जवळपास मीटरभर वाढले.

सागरी सेतूत मनोऱ्यापासून निघालेल्या तिरप्या तारा थेट रस्त्याला धरतात. दोन्ही बाजूंचा भार तराजूसारखा तोलला जातो. माहीमचा उपसागर उथळ असल्याने खांब रोवता येतात. त्यामुळे २००९ साली खुल्या झालेल्या ५.६ किलोमीटरच्या या सेतूला सर्वांत मोठा गाळा २५० मीटरचा पुरला. बाकीचा बहुतेक सेतू जवळजवळच्या खांबांवर आहे.

खांब जवळ घेतले की पूल बांधणे सोपे जाते. पण लाटा आणि वारा अंगावर घेत होडी हाकणाऱ्याची वाट अरुंद होते. मुंबईचा सागरी किनारा रस्ता या सेतूला जोडताना वरळी कोळीवाड्याजवळचे खांब ६० मीटरवर आखले होते. होड्या खांबांवर आदळतील, या भीतीने मच्छीमारांनी काम अडवले. २०२२च्या अखेरीस एक खांब वगळून १२० मीटरचा गाळा मान्य झाला. त्यांची मागणी याहून बरीच मोठी होती.

आकाशीला जहाजांची वाट आराखड्यातच होती. वरळीला होड्यांची वाट भांडून मिळवावी लागली. पुढचा सागरी पूल आखला जाईल, तेव्हा त्याच्या लांबीचे कौतुक करण्याआधी गाळा किती आणि तो कुणाला विचारून ठरवला, हे आपण विचारले पाहिजे.