काजूचं बोंडू

रत्नागिरीच्या जांभ्या कातळावर पावसाळ्यात धो धो पाणी, पण फाल्गुनात खडक नुसता तापतो. अशा जमिनीवर जुनी काजूची झाडं बिनपाण्याची तग धरतात. हे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणलं. आपण बी मोडून घेतो आणि तिच्यापेक्षा कितीतरी जड असलेलं रसाळ बोंडू झाडाखालीच टाकतो. मला हे दरवर्षी खटकतं.

शेजारच्या गोव्यात याच बोंडावर कित्येक कुटुंबांचा उन्हाळा चालतो. बोंडू झाडावरून काढायचं नाही, आपसूक गळलेलंच वेचायचं. पिकलं नसलं तर रस घसा धरतो. बी पिळून वेगळी केली की बोंडं कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडात, तुडवतात. लगदा दाबल्यावर सावकाश झिरपतो तो गोड नीरो. तुडवून निघालेला रस दोन-तीन दिवस आंबतो. बाहेरून यीस्ट घालावं लागत नाही, फळावरचंच काम करतं. पृष्ठभागावरचा फेस बसला की रस भाणात, म्हणजे भट्टीच्या भांड्यात, ओतून खाली लाकडं पेटवतात. वाफ थंड होऊन मडक्यात थेंब थेंब पडते, तो उराक. पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

आपल्याकडे परवान्याशिवाय भट्टी लावणं गुन्हा आहे, आणि बोंडू दिवसभरात नासतं. त्यामुळे दूरच्या कारखान्याचा उपयोग नाही. रस गावातच काढायला हवा. सरबत, सिरप यांना ना भट्टी लागते ना दारूचा परवाना. एखाद्या बचत गटाला मार्च ते मे एवढं काम पुरेल.