थंडीत रुळाला तडा का जातो?

मुंबईत दव गोठत नाही. सांताक्रूझला जानेवारी 1962 मध्ये नोंदले गेलेले 7.4 अंश सेल्सिअस हा शहराचा नीचांक. तरीही ऐन थंडीतल्या पहाटे शीव-कुर्ल्याकडच्या प्रवाशांच्या कानी 'रुळाला तडा गेल्यामुळे' ही उद्घोषणा पडते, ती याच थंडीमुळे.

पोलाद गारव्याने आकसते. किलोमीटरभर रूळ एका अंशाला सुमारे 12 मिलिमीटरने आखूड होऊ पाहतो. पूर्वी 13 मीटरचे रूळ फिशप्लेटने जोडत आणि सांध्यात फट ठेवत. गाडीची खटखट त्या फटींचीच. आता रूळ वेल्डिंगने लांबच लांब जोडलेले असतात, स्लीपर आणि खडी त्यांना जखडून ठेवतात. आकसायला जागाच नसल्याने रुळात ओढ साठते. मीटरला 60 किलो वजनाच्या रुळात ती दर अंशाला जवळपास 1.9 टन भरते. रूळ 40 अंशांना ताणमुक्त करून बसवला आणि पहाटे 15 अंशांवर आला, तर 45 टनांहून अधिक!

धड रूळ एवढे सहज सोसतो. तुटतो तो आधीच दुखावलेला: थर्मिट वेल्डमध्ये राहून गेलेला पोकळ बुडबुडा, किंवा लोकलच्या चाकांखाली वर्षानुवर्षे वाढत गेलेली केसभर चीर. ओढीने चीर उघडते आणि पहिल्या गाडीचा दणका उरलेले काम करतो.

अतिथंड प्रदेशांत आणखी एक संकट असते. काही पोलादे ठरावीक तापमानाखाली वाकण्याऐवजी काचेसारखी फुटतात. अमेरिकेत 16 जानेवारी 1943 रोजी 'स्केनेक्टडी' हे नवे तेलवाहू जहाज धक्क्याला उभ्या-उभ्याच दुभंगले. मुंबईत मात्र गारठ्यामुळे रूळ ठिसूळ होतो हा समज चुकीचा. जास्त कार्बनचे हे पोलाद नेहमीच्या तापमानालाही फारसे लवचीक नसते. इथे दोष साठलेल्या ओढीचा.

म्हणून हिवाळ्यात रात्री-पहाटे गस्त वाढवतात. अल्ट्रासोनिक यंत्राने आतल्या चिरा आधीच शोधतात. रूळ पूर्ण तुटला, तर त्यातून वाहणारा सिग्नलचा प्रवाह बहुधा खंडित होतो आणि सिग्नल लाल होतो. मग ट्रॅकमन फुगीर फिशप्लेट आणि क्लॅम्पने तडा आवळतात, गाड्या संथ गतीने सोडल्या जातात. पुढे ब्लॉक घेऊन तेवढा तुकडा कापतात आणि नवा वेल्ड करून बसवतात.