डॉक्टर मड खोटे बोलले काय?

१४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या नाट्यगृहात राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडणारा जॉन विल्क्स बूथ हा नट होता. पळताना त्याचा पाय मोडला. पहाटे चारच्या सुमारास तो मेरीलँडमध्ये डॉ. सॅम्युएल मड यांच्या दारी आला. डॉक्टरांनी त्याचा बूट कापून काढला, पाय बांधला व निजावयास जागा दिली. पुढे तेच कटाचे आरोपी ठरले.

दारी आलेल्या रोग्यावर उपचार करणे हा काही गुन्हा नव्हे. प्रश्न एवढाच, की डॉक्टरांनी त्याला ओळखले होते काय? शिपायांना ते म्हणाले, रोगी अनोळखी होता. मग घरात तो बूट सापडला, आत ‘जे. विल्क्स’ असे लिहिलेले! तेव्हा त्यांनी सांगितले, की बूथची व आपली ओळख नोव्हेंबर १८६४ मध्ये झाली, पण त्यानंतर तो दिसलाच नाही. त्या रात्री त्याने खोटी दाढी लावून तोंड झाकले होते.

हेही खरे नव्हते. २३ डिसेंबर १८६४ रोजी वॉशिंग्टनमध्ये दोघे पुन्हा भेटले होते. शिक्षा झाल्यावर डॉक्टरांनी ही भेट कबूल केली. त्या पहाटे ओळखल्याचे मात्र अखेरपर्यंत नाकारले.

आमच्या मते भेटीविषयी ते खोटे बोलले, यात शंका नाही. परंतु खोटे बोलणारा प्रत्येक जण खुनी नसतो. बूथचा पहिला बेत लिंकन यांना पळवून नेण्याचा होता. त्या बेताची डॉक्टरांना माहिती असावी, असे एका सहआरोपीच्या १९७७ मध्ये सापडलेल्या जबानीवरून दिसते. खुनाची माहिती असल्याचा तसा पुरावा नाही.

चौघांना फाशी झाली; डॉक्टरांना जन्मठेप. फ्लोरिडाजवळच्या बेटावरील तुरुंगात १८६७ मध्ये पीतज्वराची साथ आली, तिथला डॉक्टर दगावला, तेव्हा मड यांनीच कैदी व शिपाई यांची शुश्रूषा केली. १८६९ मध्ये त्यांना माफी मिळाली.

माफी मिळाली, निर्दोषत्व नाही. नातवाने आयुष्यभर खटपट केली. १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सहानुभूतीचे पत्र धाडले, पण निकाल फिरविण्याचा अधिकार आपल्याला नाही, असेही कळविले. आजोबांनी एक भेट लपविली. तिची झळ नातवापर्यंत पोहोचली. वाचकहो, पहिल्याच दिवशी ते सारे खरे सांगते, तर?