उभी गाडी बंद का पडते?

धावती मोटारसायकल कोणालाही आवडते. पण तिची खरी परीक्षा ती उभी असताना होते. हे शहाणपण मला खंबाटकीच्या घाटात आले.

पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. मागे सौभाग्यवती. चढावर वाहने तुंबली, मी मूठ सोडली मात्र, आणि इंजिन गप्प! गाडी हातभर मागे घसरली. मागे मालट्रक उभा होता. ब्रेक वेळेवर लागला म्हणून हा लेख लिहायला मी शिल्लक आहे.

मौज अशी की, आदल्याच आठवड्यात एका गॅरेजवाल्याने कार्बुरेटरचा 'स्लो'चा स्क्रू पिळून गाडी 'दुरुस्त' करून दिली होती. साताऱ्यातल्या एका वृद्ध मिस्त्रींना ही हकीगत सांगितली, तेव्हा ते हसून म्हणाले, "साहेब, ताप आला म्हणून थर्मामीटर झटकून कसं भागेल?"

त्या दिवशी त्यांनी शिकवलेला क्रम वाचकांपुढे ठेवतो. स्क्रूला हात सर्वांत शेवटी!

आधी गाडीचा स्वभाव पाहा. हँडल डावी-उजवीकडे वळवल्यावर आवाज चढतो का? मग ॲक्सिलरेटरची केबल ताणलेली आहे. मूठ सोडूनही आवाज रेंगाळत खाली येतो का? मग कार्बुरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडातून बहुधा चोरटी हवा शिरते आहे. चालू इंजिनाच्या त्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला, की चोर सापडला. पेट्रोल मात्र चुकूनही शिंपडू नका.

पुढे स्पार्क प्लग काढा. टोक काजळीने काळे असेल तर पेट्रोल जास्त, पांढरेफटक असेल तर कमी, आणि विटकरी असेल तर ठीक. गाडी महिनोन्‌महिने उभी होती? मग पेट्रोल उडून जाऊन मागे राहिलेला चिकटा पायलट जेटच्या सुईएवढ्या भोकात बसला असेल. तो द्रावणाने आणि हवेच्या झोताने काढावा. तार खुपसली तर भोक कायमचे मोठे होते.

आणि थंड असताना ठीक, तापली की बंद, असे असेल तर टॅपेटची फट तपासा. ती फार कमी असली, की तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब गळतो. माझ्या गाडीचे दुखणे नेमके हेच निघाले! ही फट थंड इंजिनावर मोजायची असते.

एवढे झाल्यावरच, इंजिन चांगले तापवून आणि उघड्या जागेत, स्क्रू हाती घ्या. बंद खोलीत धुराने जीव जातो. आधी हवेचा स्क्रू हळूहळू फिरवून आवाज सर्वांत चढा आणि एकसारखा करा. मग 'स्लो'चा स्क्रू गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर आणा. बहुतेक गाड्यांना मिनिटाला हजार ते चौदाशे फेरे पुरतात.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींवरून कार्बुरेटर जवळजवळ गेला. तिथे पेट्रोलचे माप संगणक ठरवतो. त्याचा दोष यंत्र लावूनच वाचावा लागतो. पण कार्बुरेटरच्या लाखो गाड्या अजून रस्त्यावर आहेत. तुमची त्यांतलीच असेल, तर घाट चढण्यापूर्वी अंगणात पाच मिनिटे ती नुसती उभी ठेवून ऐका. जे अंगणात ऐकू येते, ते घाटात भोगावे लागत नाही.