दगडात लपलेली सुरी

तुम्ही डावखुरे की उजव्या हाताचे? तुम्ही सांगितल्याशिवाय मला कळायचं नाही. पण क्रोएशियातल्या क्रापिना इथे सुमारे १ लाख ३० हजार वर्षांपूर्वी राहणारी मंडळी बहुतेक उजव्या हाताने काम करायची, हे मात्र मी छातीठोकपणे सांगतो. त्यांची चहाडी केलीय त्यांच्याच दातांनी!

त्याचं असं झालं. मांसाचा मोठा तुकडा असला की ही मंडळी त्याचं एक टोक पुढच्या दातांत घट्ट धरत, दुसरं टोक एका हाताने ताणत आणि दुसऱ्या हातातल्या दगडी सुरीने अगदी ओठांपाशी सर्रकन कापत. (घरी करून बघायचं नाही हं! तुमची आई भांडायला माझ्या दारात येईल.) कधीतरी सुरी घसरायची आणि दातावर बारीक ओरखडा उठायचा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर बहुतेकांच्या दातांवरचे ओरखडे एकाच बाजूला कललेले. सुरी उजव्या हातात असली की ते तसे कलतात.

ही मंडळी म्हणजे निअँडरथल, आपली लांबची भावंडं. १८५६ साली जर्मनीतल्या निअँडर खोऱ्यात चुनखडीच्या खाणीत कामगारांना काही हाडं सापडली. अस्वलाची असतील, असंच आधी वाटलं. योहान कार्ल फुलरोट नावाच्या मास्तरांनी ती पाहिली आणि ओळखलं, की ही तर माणसाची! त्या खोऱ्याला निअँडर आडनावाच्या एका धर्मगुरूचं नाव दिलेलं होतं. ग्रीक भाषेत निअँडर म्हणजे ‘नवा माणूस’. इतक्या जुन्या माणसाला नाव मिळालं ते नव्या माणसाचं!

पण आपण सुरीबद्दल बोलत होतो.

चकमकीचा दगड काचेसारखा फुटतो. फुटलेल्या जागी शिंपल्यावर असतात तशा लाटा दिसतात आणि कड अशी धारदार, की बोट कापावं. दगडावर दगड हाणला की एखादा छिलका कुणालाही काढता येईल. निअँडरथलला मात्र ‘एखादा’ नको असायचा. त्याला हवा असायचा रुंद, पातळ आणि कडेने धार असलेला. मग तो काय करायचा? गोटा हातात घेऊन दुसऱ्या दगडाने त्याच्या कडा टिचत टिचत गोल फिरायचा. पुन्हा फिरायचा. गोट्याची वरची बाजू कासवाच्या पाठीसारखी होईपर्यंत त्याचं हेच चालायचं. मग एका टोकाला ठोका बसेल अशी जागा नीट करायची, आणि... टक्!

एकाच घावात कासवाची पाठ सुटून हातात. धार लावायची गरजच नाही, ती आधीच तयार! इतका वेळ ज्या गोट्यावर मेहनत चालली होती, ती सुरी नव्हतीच. सुरी होती त्यातून उडालेला छिलका. या पद्धतीला पॅरिसच्या शेजारच्या एका गावावरून ‘लव्हाल्वा’ म्हणतात.

मला यावरून ठिपक्यांची रांगोळी आठवते. आजी ठिपके मांडत असते तेव्हा आपल्याला नुसते ठिपके दिसतात, तिला मात्र अख्खं कमळ दिसत असतं. ठोका मारायच्या आधीच निअँडरथलला गोट्यातली सुरी तशीच दिसत असणार. मीही एकदा हा उद्योग करून पाहिला. कपच्या डोळ्यांत उडतात म्हणून चष्मा लावला, हातमोजे घातले. तासाभराने हाती आला तो सुजलेला अंगठा!

काही छिलक्यांना ते दांडाही बसवत. त्यासाठी गोंद? तोही घरचाच. भूर्जाची साल तापवून ते काळं, चिकट डांबर काढत. इटलीत कॅम्पितेल्लो इथे असं डांबर लागलेले छिलके सापडलेत, सुमारे २ लाख वर्षांपूर्वीचे. आपल्याकडे ज्या भूर्जपत्रांवर पोथ्या लिहीत, ते हिमालयातलं झाड याच भूर्जाच्या गोतातलं.

आता सगळ्यात मजेचं. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टजवळच्या एका खाणीत सुमारे अडीच लाख वर्षांपूर्वीचे छिलके जिथे उडाले होते तिथेच पडलेले मिळाले. संशोधकांनी ते तुकड्याला तुकडा लावत पुन्हा जोडले, आपण चित्रकोडं जोडतो ना तसे. असा गोटा जोडत गेलं की कुठला घाव आधी बसला, कुठला नंतर, हे क्रमाने वाचता येतं. आणि अशा जुळवाजुळवीत कधीकधी मधेच एक जागा रिकामी राहते. चांगली, रुंद जागा. आजूबाजूचा कचरा सगळा हजर, तेवढाच तुकडा गायब.

तीच ती सुरी. कुणीतरी ती उचलून घेऊन गेलंय.