शिष्यवृत्ती आणि विद्यापीठाची निवड

इ. स. १८५१ मध्ये लंडन येथे भरलेल्या महाप्रदर्शनातून जो नफा उरला, त्याचा एक कायम निधी करण्यात आला. आणि १८९१ पासून त्या निधीतून विज्ञानाच्या होतकरू विद्यार्थ्यांना संशोधनासाठी शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. अशाच एका शिष्यवृत्तीसाठी न्यूझीलंडमधून दोघे उमेदवार होते. तीसाठी प्रथम निवड झाली ती जेम्स मॅक्लॉरिन या रसायनशास्त्रज्ञाची. परंतु त्याने ती स्वीकारली नाही, आणि ती दुसऱ्या उमेदवाराकडे गेली. हा दुसरा उमेदवार म्हणजे अर्नेस्ट रदरफर्ड. वर्षाला १५० पौंड हाती आल्यावर कोठे जावयाचे याचा विचार त्याने केला, आणि जे. जे. टॉमसन यांच्या हाताखाली काम करता यावे म्हणून १८९५ मध्ये तो केंब्रिजला गेला. इतर विद्यापीठांच्या पदवीधरांना संशोधक विद्यार्थी म्हणून घेण्याची प्रथा केंब्रिजने सुरू केली तीही त्याच वर्षी.

रदरफर्डने आधी पैसा मिळविला व मग गुरू निवडला. आज परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे हा क्रम बहुधा राहत नाही. पुष्कळ ठिकाणी शिष्यवृत्ती देणारे विद्यापीठच असते. त्यामुळे विद्यापीठ निवडणे आणि शिष्यवृत्ती निवडणे ही एकच गोष्ट होऊन बसते, आणि घोटाळा येथेच होतो.

पहिला घोटाळा शब्दाचा आहे. गुणवत्ता शिष्यवृत्ती म्हणजे सर्वांत नामांकित विद्यापीठांत सर्वांत हुशार मुलांना मिळणारी रक्कम, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. अमेरिकेतील हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्था पदवीपूर्व विद्यार्थ्यांना केवळ गुणांसाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. तेथे प्रवेश मिळाल्यावर कुटुंबाची ऐपत पाहून साहाय्य ठरते, आणि साहाय्य मागितल्यामुळे परदेशी विद्यार्थ्याचाही प्रवेश नाकारला जात नाही. इतर अनेक विद्यापीठांत मात्र परदेशी उमेदवाराची पैशाची मागणी प्रवेशाच्या वेळीच विचारात घेतली जाते. म्हणून गरीब घरातील बुद्धिमान मुलाने ‘गुणवत्ता’ हाच शब्द शोधीत राहावे, हे त्याच्याच हिताचे नाही.

दुसरा घोटाळा आकड्याचा. समजा, एका विद्यापीठाचा वर्षाचा एकूण खर्च ६०,००० डॉलर आहे आणि ते ३०,००० डॉलरची शिष्यवृत्ती देऊ करते. दुसऱ्याचा खर्च ३२,००० डॉलर, शिष्यवृत्ती अवघी ८,००० डॉलर. गावात पेढे वाटले जातात ते पहिल्या पत्रावर! पण घरून भरावयाची रक्कम पहिल्या ठिकाणी ३०,००० आहे, दुसऱ्या ठिकाणी २४,०००. शिवाय शिष्यवृत्तीची रक्कम बहुधा ठरावीक राहते आणि खर्च वाढत जातो. तो दरसाल शेकडा ४ ने वाढला, तर पहिल्या विद्यापीठात चौथ्या वर्षी तो सुमारे ६७,५०० डॉलर होईल व पालकाचा वाटा ३७,५०० डॉलर. म्हणजे खर्च वाढला एक अष्टमांशाने, पण पालकाचा बोजा मात्र एक चतुर्थांशाने वाढला. रुपयाचा भाव या काळात घसरला, तर ते आणखी वेगळेच. शेत किंवा घर गहाण ठेवून काढलेल्या कर्जाचा हिशेब पहिल्या वर्षाच्या आकड्यावर बसविणे, यासारखी घातक चूक दुसरी नाही.

तिसरी गोष्ट अटींची व मुदतीची. डॉ. भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर. ती दरमहा साडेअकरा पौंडांची व तीन वर्षांची होती, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार तिच्याशी जोडलेला होता. १९१६ मध्ये ते लंडनला आले. परंतु मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये तेथील अभ्यास अर्धाच टाकून त्यांना परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले, आणि तेथे त्यांना काय सोसावे लागले हे मराठी वाचकास सांगावयास नको. लंडनला पुन्हा जाता आले ते १९२० मध्ये, डी. एस्सी. मिळाली १९२३ मध्ये. आजच्या अटी निराळ्या असतात. अनेक अमेरिकन विद्यापीठांत शिष्यवृत्ती पुढे चालू राहण्यासाठी चारपैकी तीन गुणांची सरासरी राखावी लागते. नव्या देशात पहिल्या सत्रात भल्याभल्यांचे पाय घसरतात. तेव्हा सरासरी एकदा खाली गेली तर सावरण्यास एक सत्र मिळते की नाही, हे पत्र लिहून आधीच विचारून घ्यावे. असे विचारण्यात कमीपणा काहीच नाही.

काही ठिकाणी शिष्यवृत्तीवाचूनही निभाव लागतो. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांतात मात्र युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्रास १,५०० युरो द्यावे लागतात. निर्वाहाची तजवीज दाखवावी लागतेच. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ती रक्कम वर्षाला ११,९०४ युरो ठरली. आणि अमेरिकेत विज्ञानातील डॉक्टरेटसाठी जाणाऱ्यास सामान्यतः शुल्क माफ होऊन अध्यापन वा संशोधनातील साहाय्याबद्दल निर्वाहवेतन मिळते. अशा विद्यार्थ्याने रकमांची तुलना करीत बसण्यापेक्षा रदरफर्डप्रमाणे मार्गदर्शक कोण, हे पाहावे.

निव्वळ गुणांवर संपूर्ण खर्च उचलणाऱ्या शिष्यवृत्त्या थोड्या, पण आहेत. कॅनडातील टोरांटो विद्यापीठाची लेस्टर बी. पिअर्सन शिष्यवृत्ती चार वर्षांचे शुल्क, पुस्तके व निवास यांचा भार उचलते. परंतु तीसाठी विद्यार्थ्याने केवळ स्वतः अर्ज करून भागत नाही. त्याचे नाव शाळेने सुचवावे लागते, आणि त्याची मुदत साधारणतः प्रवेशाच्या आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या सुमारास संपते. आपल्याकडे बारावीच्या मुलांची परदेशी शिक्षणाची विचारपूस दिवाळीच्या सुटीत सुरू होते. तोवर या शिष्यवृत्तीपुरता तरी बहुधा उशीर झालेला असतो.